बत्तिसावा मल्ल

प्रिय सोलोंगो,

पत्र बघून दचकू नकोस, आमच्यापैकी कुणी मेलेलं नाही. हे फोनवर सांगितलं असतं, पण दोन वाक्यं झाली की तू "आई, साहेब बोलावतायत" म्हणून फोन ठेवून देतेस. पत्रही मध्येच ठेवता येतं म्हणा, पण ठेवलं तरी ते तिथेच पडून राहतं आणि आपल्याकडे बघत राहतं. म्हणून लिहायला बसले. ओचिरच्या गाडीने पाठवतेय, सोबत वाळवलेल्या दह्याची पिशवी आहे. दही कडक आहे, दात सांभाळ. हॉटेलच्या कार्यालयात बसून बसून तुझे दातही मऊ पडले असतील.

कुस्त्यांचा नि शर्यतींचा एवढा सण, पण यंदाचं नादाम नेहमीसारखंच झालं, म्हणजे वाईट. गावप्रमुखाने तोच जुना फलक लावला, जो उन्हाने इतका विटलाय की त्यावरचं देशाचं नाव वाचायला अंगात देशप्रेमच लागतं. राष्ट्रगीताच्या मध्यावर ध्वनिक्षेपक बंद पडला. अर्धं गाव गात राहिलं आणि अर्धं हसत राहिलं. गावप्रमुख मात्र छातीवर हात ठेवून तसाच उभा, जणू सूर त्याच्या छातीतूनच निघत होते. मग त्याचं भाषण. रस्ता होणार, वीज जाणार नाही, विहिरीला नवा पंप बसणार. ह्याचा बाप गावप्रमुख होता तेव्हा त्यानेही ह्याच पंपाचं आश्वासन दिलं होतं. भाषण लिहायचे कष्ट ह्या घराण्याने दोन पिढ्यांत घेतलेले नाहीत. पुढच्या रांगेत बसलेल्या बायका त्याच्या प्रत्येक वाक्याला टाळ्या वाजवत होत्या, कारण मागच्या रांगेत उन्हं होती आणि सावलीतली जागा गावप्रमुखाच्या बायकोने दिली होती.

हे सगळं मी दरवर्षी सहन करते, कारण दरवर्षी तू येतेस. यंदाही येणार होतीस. आणि यंदाचं नादाम साधं नव्हतं, हे तुला चांगलं माहीत होतं. वसंतातच तुझ्या बाबांनी तुला फोनवर सांगितलं होतं: माझे गुडघे गेले, हिवाळ्यात छातीत कळ येऊन गेली, मला मुलगा नाही, तर ह्या नादामला चार लोकांसमोर सगळे घोडे बिल्गुनच्या हाती देतो, हिवाळी तळासकट. तू म्हणालीस, "बघू बाबा." मी म्हणाले, बघायचं काय त्यात, म्हाताऱ्याला वेड लागलंय. राजधानीत लिफ्टा दुरुस्त करणारा माणूस! ज्या गावात चढायला जिनासुद्धा नाही, त्या गावातल्या कळपाचा मालक करायचा त्याला! आठ वर्षं झाली तुमच्या लग्नाला, अजून हा घोड्याजवळ असा जातो, जणू घोडा काहीतरी प्रश्न विचारणार आहे आणि ह्याला उत्तर येत नाही. तुझे बाबा म्हणाले, "शिकेल गं. तुलासुद्धा धड चहा लग्नानंतरच यायला लागला." मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. पण मनात ठरवलं की नादामच्या दिवसांत जावयावर नजर ठेवायची, आणि त्याचा बिनकामीपणा ह्यांच्या डोळ्यांत बोट घालून दाखवायचा. बोट घालावंच लागलं नाही.

नादामच्या दोन दिवस आधी ओचिरची गाडी आली. तुझे बाबा नवा लांब देल अंगात घालून, कमरपट्टा आवळून रस्त्यापर्यंत गेले. गाडीचं दार उघडलं आणि उतरला कोण, तर बिल्गुन, एकटाच. त्याच्यामागून उतरली त्याची चाकांची बॅग. आमच्या वाळूत चाकांची बॅग! ती ओढत तो आमच्या गेरच्या तंबूपर्यंत आला तेव्हा मागे असा चर पडला होता, जणू कुणाला तरी मारून ओढत आणलंय. दुसऱ्या काखेत कलिंगड. राजधानीपासून एवढी वाट ते कलिंगड त्याने मांडीवर सांभाळून आणलं आणि नेमकं आमच्या दारात आल्यावर हातातून सोडलं. "सोलोंगोला सुट्टी मिळाली नाही," तो म्हणाला. "हॉटेल नादामच्या पाहुण्यांनी भरलंय. नव्या वर्षाला नक्की येईन म्हणालीये." हे सांगताना तो माझ्याकडे बघत नव्हता, फुटलेल्या कलिंगडाकडे बघत होता. मी विचारलं, "आणि तुझ्या लिफ्टांना बरी सुट्टी मिळाली?" "नादामला लोक पायी फिरतात, आई," म्हणाला. असले ह्याचे विनोद. तुझे बाबा मात्र पोट धरून हसले. जावई आल्यापासून ह्यांचं, घरात कुत्र्याचं पिल्लू आणल्यावर पोराचं होतं ना, तसं झालेलं असतं.

दुसऱ्याच दिवशी उर्गाचं प्रकरण झालं. तुझ्या आजोबांची ती घोडे धरायची लांब काठी तुझ्या बाबांनी आठवडाभर तासून, चरबी चोळून तयार केली होती. हीच काठी बिल्गुनच्या हातात द्यायची आणि म्हणायचं, आजपासून कळप तुझा. टोकाला निळा रेशमी पट्टाही बांधून झाला होता. काठी गेरसमोर गवतावर आडवी ठेवली होती. शेजारची यान्जमा आमच्याकडे चहा प्यायला आली होती, म्हणजे बातम्या न्यायला आली होती. तेवढ्यात बिल्गुन विहिरीवरून पाण्याचा डबा घेऊन आला. वळसा घालायला जागा होती. आपल्याकडे दुसरं काही नसेल, पण जागा आहे. हा सरळ आला आणि काठीवरून पाय टाकला. नुसता ओलांडून गेला असता तरी एक वेळ डोळेझाक केली असती. हा मध्येच थांबला, एक पाय अलीकडे, एक पाय पलीकडे, काठी दोन पायांच्या मधोमध, आणि विचारतो, "चहा झाला का?" यान्जमाच्या घशात चहा अडकला. "देजिदताई," ती म्हणाली, "ह्यापेक्षा तुमच्या नवऱ्याच्या डोक्यावर पाय दिला असता तर बरं दिसलं असतं." तुझे बाबा पांढरेफटक पडले. मग म्हणाले, "शहरातला आहे. तिथे रस्त्यात उर्गा पडलेल्या नसतात." मला म्हणाले, काठीला धुपाचा धूर दाखव. मी दाखवला, आणि मनातल्या मनात म्हणाले, हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मला फार आनंद झाला होता, सोलोंगो. लपवत नाही.

नादामच्या सकाळी भाषण एकदाचं संपलं आणि कुस्त्या लावायची वेळ झाली, तर मल्ल एकतीसच. बत्तीस हवेतच, नाहीतर शेवटपर्यंत जोड्या लागत नाहीत. दरवर्षी कुणीतरी कमी पडतो, कुणाची मोटारसायकल बंद पडते, कुणाची बायको बाळंत होते, आणि मग आपला गुरांचा डॉक्टर पुरेव, जो त्या दिवसापुरता निवेदक असतो, तो ध्वनिक्षेपकावरून माणूस मागत बसतो. यंदा ओरडला, "अरे, आहे का कुणी पुरुष ह्या गावात? मिशी नसली तरी चालेल! श्वास चालू असला म्हणजे झालं!" लोक हसले. तुझे बाबा उठून उभे राहिले आणि म्हणाले, "माझा जावई आहे." आदल्या दिवशीचा डाग त्यांना धुऊन काढायचा होता. गावचा जावई तो गावचाच, त्यामुळे नियमात बसत होतं. त्या आखूड चड्डीत आणि छाती उघडी टाकणाऱ्या मल्लाच्या जाकिटात बिल्गुन मैदानात आला तेव्हा कडेला खूशूरच्या सारणपुऱ्या तळता तळता मी कढईमागे तोंड लपवलं. पोट पुढे, पाय काटक्या. खूशूरचं पीठ मळताना जे कडेने खरवडून टाकतात, त्यातून बनवल्यासारखा.

सगळ्यात कच्च्या मल्लाची गाठ सगळ्यात पक्क्याशी पडते, म्हणजे बाद्राखशी. बाद्राखची मान ह्याच्या कमरेएवढी. तुझे बाबा पाठीराखे म्हणून गुडघे धरत धरत मैदानाच्या मध्यापर्यंत गेले, जावयाची टोपी हातात घेतली, आणि कधीच्या काळचा आपला आवाज काढून ओरडले, "हत्ती शाग्दारचा जावई, बिल्गुन!" हत्ती ही त्यांना गावाने दिलेली कुस्तीतली पदवी, ती ते स्वतःच्या तोंडाने कधी घेत नाहीत. मला लाज वाटली आणि रडूही आलं. इतक्या अभिमानाने त्यांनी माझंसुद्धा नाव कधी घेतलं नाही. पुढे काय झालं असेल ते सांगायला नको. बाद्राखने नुसता हात लावला आणि हा पोतं कलंडावं तसा कलंडला. ते ठीक. कुणाला दुसरी अपेक्षाच नव्हती, उलट लोक कौतुकाने ओरडले, शाब्बास जावईबापू, निदान पळाला नाहीस. बाद्राखने रीतीप्रमाणे उजवा हात उचलला, की हरलेल्याने जाकिटाची गाठ सोडावी आणि त्या हाताखालून जावं. चार वर्षांच्या पोरालाही हे माहीत असतं. बिल्गुन उठला, ढुंगण झटकलं, बाद्राखचा दुसरा हात धरून हलवला, लिफ्ट चालू करून दिल्यावर गिऱ्हाइकाचा हलवतात तसा, आणि पाठ फिरवून चालता झाला. बाद्राख हात वर करून उभाच, जणू त्याने गाडीला हात केला आणि गाडी न थांबता निघून गेली. मैदानभर शिट्ट्या. आणि मधोमध तुझे बाबा, हातात जावयाची टोपी. यान्जमा माझ्या कानाशी म्हणाली, "देजिदताई, जावई कुठून आणलात, दुकानातून? परत घेतात का विचारा." मी म्हणाले, "उघडलेला माल कोण परत घेतो?"

हसतेस ना? हस. मीही हसले.

दुपारी दोन वर्षांच्या शिंगरांची शर्यत. तुझ्या बाबांचं करडं शिंगरू सगळ्यात शेवटी आलं. धूळ खाली बसली, पहिल्या पाच शिंगरांच्या पाठीवर घोडीच्या दुधाचा आंबट आइराग ओतून झाला, लोक प्यायलेही, तेव्हा कुठे हे डुलत डुलत क्षितिजावर दिसायला लागलं. आणि शेवटच्या शिंगराची स्तुती करायची असते, तशी पुरेवने सुरू केली. दोष ह्याचा नाही, दोष दगडांचा, दोष वाऱ्याचा, दोष ढिल्या पट्ट्याचा. पोट ह्याचं भरलेलं आहे, काळीज ह्याचं मोठं आहे, पुढच्या वर्षी ह्याच्या टापांची धूळ बाकीचे खातील. पुरेव एरवी काय बोलतो ते त्याच्या बायकोलाही ऐकवत नाही, पण ही स्तुती तो मनापासून गातो. तुझे बाबा लगाम धरून खाली मान घालून उभे होते. हरलेल्याची स्तुती चालू असताना आपल्याकडे कुत्रीसुद्धा भुंकत नाहीत. आणि त्या शांततेत बिल्गुन हसला. मोठ्याने, तोंड उघडून, तोंडातल्या खूशूरसकट. "शेवटून पहिला!" असं काहीतरी म्हणालाही. पुरेव गाता गाता थांबला. त्याला थांबलेलं मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं.

तुझे बाबा शिंगराला घेऊन सावकाश आमच्या गाडीपाशी आले. तिथे उर्गा टेकवून ठेवली होती, संध्याकाळच्या समारंभासाठी. त्यांनी टोकाचा निळा पट्टा सोडला, घडी घातली, खिशात ठेवला. गाव बघत होतं, आणि गाव ह्यासाठीच नादामला येतं. ते म्हणाले, "घोडे माझेच राहतील. मी मेलो की वाऱ्यावर सोडून द्या. वाऱ्याला निदान कुठे हसावं ते कळतं." बिल्गुनकडे बघितलंसुद्धा नाही. एकदा जावई म्हणून छातीवर घेतलेल्या माणसाच्या समोरून ते असे गेले, जणू तो खुंटा आहे.

म्हणजे मी जिंकले होते. घोडे वाचले होते. मी कढईपाशी येऊन बसले, पीठ लाटायला घेतलं, सारण भरलं, कडा मुडपल्या, आणि मला काही केल्या आनंद होईना. काहीतरी बोचत होतं. लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात ह्या माणसाने अशीच उर्गा ओलांडली होती आणि मी त्याच्या नडगीवर डाव हाणला होता, आठवतं? त्या दिवसापासून हा आडव्या पडलेल्या झाडूलासुद्धा वळसा घालून जातो. मी त्याला त्यावरूनही हसते. आणि मागे एकदा शाळेच्या अंगणात पोरांनी त्याला कुस्तीत पाडलं होतं, तेव्हा हा त्या शेंबड्या पोरांच्या काखेखालून वाकून, जवळजवळ रांगत गेला होता, एकेकाच्या, हसत हसत. त्याला काय माहीत नाही? मूर्ख माणूसही दिवसातून दोनचारदा चुकून बरोबर वागतो. ह्याचं एकही पाऊल बरोबर पडलं नव्हतं. इतकं अचूक चुकायला अक्कल लागते, सोलोंगो. आणि आपल्या रीती ज्याला तळहातासारख्या पाठ आहेत त्यालाच ते जमतं.

तेवढ्यात तो मागच्या बाजूने आला. त्याला गावात कुणी आइरागचा वाडगा पुढे करत नव्हतं. रिकामी कढई दिसली तशी खाली बसून ती घासायला लागला. मी विचारलं, "कधीपासून?" म्हणाला, "काय कधीपासून, आई?" मी म्हणाले, "माझ्यासमोर खेळ नको. घोडे नको असतील तर माणूस नको म्हणतो, गावभर तोंड काळं करून घेत नाही. तू आमचा जावई कधीपासून नाहीस?" तो घासत राहिला. मग म्हणाला, "मार्चपासून. कागद झाले." मी विचारलं, निर्णय कुणाचा. म्हणाला, "तिची काही चूक नाही." मी विचारलं काय आणि ह्याने उत्तर दिलं काय. म्हणजे निर्णय तुझा. असू दे. त्यासाठी मी तुला एक शब्द बोलणार नाही. ज्याच्याबरोबर संसार होत नाही त्याच्याबरोबर तो करू नये, आणि ह्या माणसाबरोबर आठ वर्षं काढलीस ह्याचंच मला नवल आहे.

पण पुढचं ऐक. तो म्हणाला, "बाबांच्या छातीचं तिला भय वाटतं. म्हणाली, एवढं एक नादाम तू जा. घोडे घेऊ नकोस, पण का घेत नाहीस ते कळू देऊ नकोस." मी म्हणाले, "आणि तू निघालास! घटस्फोट झालेला माणूस सासरी सण करायला निघाला!" "काय करणार होतो आई," म्हणाला, "नुसतं नाही म्हणालो असतो तर बाबांनी कारण विचारलं असतं. मला त्यांच्याशी खोटं बोलता येत नाही. सुट्टीचं बोललो तेव्हाच जीभ जड झाली. पडता मात्र येतं." आणि मग म्हणाला, "तिलाही पुढे सोपं जाईल. नव्या वर्षाला ती सांगेल तेव्हा बाबा तिच्यावर रागावणार नाहीत. म्हणतील, बरं झालं त्या गाढवाला सोडलंस." हे त्याने असं सांगितलं, जणू जिन्यातला एखादा दिवा दुरुस्त करून आलाय. मी म्हणाले, "आणि शिंगरावर हसलास ते?" कढई स्वच्छ झाली होती तरी तिच्यात डोकं घालून घासत राहिला. मी त्याला म्हणाले, पुरे, भोक पडेल. मग म्हणाला, "बाबांना सांगू नका, आई." मी शब्द दिला. का दिला माहीत नाही, कदाचित तो आई म्हणत राहिला म्हणून.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो गेला. तुझे बाबा गेरमध्ये भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. ओचिरच्या गाडीत बाकीच्यांनी ह्याच्याशेजारची जागा मोकळी सोडली होती. यान्जमा मुद्दाम सांगायला आली, "पोरगी सोन्यासारखी आणि नवरा हा असा, देजिदताई, तुमचंच नशीब फुटकं." मी म्हणाले, "हो गं, फुटकं." गाडी निघाली तशी मी बाहेर जाऊन तिच्या मागे पळीभर दूध उडवलं, वाटेला लागलेल्या आपल्या माणसासाठी उडवतात तसं. तुझ्या बाबांनी आतून विचारलं, "कुणासाठी उडवतेस?" मी म्हणाले, "नासलं होतं, टाकून दिलं."

तर आता हे पत्र कशासाठी ते ऐक. तुझे बाबा रोज संध्याकाळी म्हणतात, पोरीला कळव, सोड म्हणावं त्या गाढवाला, मी आहे. म्हणजे त्याने केलेली व्यवस्था लागू पडली. नव्या वर्षाला तू येशील, खाली मान घालशील, बाबा पाठीवरून हात फिरवतील, यान्जमा डोळे पुसेल, आणि सगळं गाव म्हणेल, बिचारी सुटली. हे मी होऊ देणार नाही. मी त्याला शब्द दिलाय की शाग्दारना मी सांगणार नाही, आणि तो मी पाळेन. म्हणून तू सांगायचंस. पहिला बर्फ पडायच्या आत ये, बाबांसमोर बस, आणि आपल्या तोंडाने सांग की सोडलं तू, लपवलं तू, आणि तो माणूस त्या शिंगरावर हसला नव्हता. त्यांच्या छातीचं मी बघेन. औषध उशाशी आहे आणि मी शेजारी आहे. त्यांनी ज्याच्यासाठी आपली पदवी ओरडून सांगितली, त्याला ते असं तोंडात शिवी ठेवून मरेपर्यंत आठवत राहणार, हे मला बघवत नाही. बिल्गुन बिनकामाचाच आहे, माझं मत बदललेलं नाही. पण आठ वर्षं मी तुच्छतेने बघायला चुकीचा माणूस निवडला होता की काय, असा विचार गाडी गेली त्या संध्याकाळी मनात आला, कारण त्याच संध्याकाळी तुझा फोन आला होता. तू विचारलंस, "बाबांना काही कळलं नाही ना?" मी म्हणाले, नाही. तू म्हणालीस, "बरं झालं," आणि ठेवलास. तो पोचला का, हे विचारलं नाहीस. पोचलाय. मी फोन केला होता.

तुझीच, दुसरा इलाज नाही म्हणून,
आई